इरकल, सोलापुरी चादर आणि फुलांचे पडदे एका हॉलमध्ये?

प्रश्न : आम्ही बेलपाड्यात मेट्रो स्थानकाजवळ वन बीएचके घेतला आहे. हॉलमध्ये दिवाणावर सोलापुरी चादर, आईच्या जुन्या इरकलीचे उशांचे अभ्रे आणि टेबलावर खण असं मनात आहे. पडद्यांसाठी मोठ्या फुलांचं कापड आवडलंय. घरचे म्हणतात, एवढ्या नक्षी एकत्र आल्या तर छोटं घर गजबजून जाईल, सगळं बेज ठेवा. खरंच तसं होतं का?
— एक वाचक, बेलपाडा (खारघर)

उत्तर : सगळं बेज करण्याची अजिबात गरज नाही. नक्षी किती आहेत यापेक्षा त्या एकाच मापाच्या आहेत का, हे आधी बघायचं. सारख्या मापाच्या दोन ठसठशीत नक्षी शेजारी आल्या की नजर एकीवर ठरत नाही, आणि खोली गजबजलेली वाटते ती त्यामुळे.

तुमची आई इरकल कशी नेसत असे ते आठवा. अंगावर बारीक चौकडी, काठाला गोमी, लाल पदरावर टोपे-तेनीची पांढरी शिखरं आणि वर खणाची चोळी, तिच्यावर पुन्हा वेगळी बुट्टी आणि वेगळे काठ. साडी इलकलची, खण गुळेदगुड्डचा. दोन्ही गावं आजच्या बागलकोट जिल्ह्यातली. एका बाईच्या अंगावर इतक्या नक्षी असायच्या, पण आपल्याकडे कुणाला त्यात गोंधळ दिसला नाही. चौकडी सगळ्यांत बारीक, खणाची बुट्टी तिच्याहून थोडी मोठी आणि पदरावरची शिखरं सर्वांत मोठी. शिवाय पदराचा लाल काठातही उतरलेला असतो, त्यामुळे सगळं एकमेकांत बांधलं जातं.

यामागे डोळ्याचंही कारण आहे. निरोगी नजरेला साधारण अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. तीन मीटरवरून हे माप जेमतेम एक मिलिमीटर भरतं. म्हणून हॉलच्या दारातून पाहिलं तर इरकलीची बारीक चौकडी एकाच रंगात मिसळून जाते आणि जवळ बसल्यावर उलगडते. तुमचे अभ्रे लांबून जवळजवळ साध्या कापडासारखेच वागतील. त्यांची काळजी करू नका.

अडचण आहे ती चादर आणि पडदे यांची. सोलापुरी चादरीवरचे जॅकार्डचे आकृतिबंध मोठे असतात आणि पडद्यांची फुलंही मोठी. दोघांपैकी एकालाच हॉलमध्ये राहू द्या. माझं मत चादरीच्या बाजूने आहे. ती सपाट पसरते, नक्षी पूर्ण दिसते. पडद्याला चुण्या पडतात आणि फुलं अर्धीमुर्धी चिरली जातात. फुलांचं कापड फारच आवडलं असेल, तर ते बेडरूममध्ये न्या. शिवाय सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूचा जमिनीचा रंग दुसरीकडे नक्षीत येतो. दोन्ही बाजू अंथरून बघा आणि इरकलीच्या पदराशी जुळेल ती वर ठेवा.

आता तुमच्या पत्रात न आलेल्या नक्षींबद्दल. नव्या फ्लॅटमध्ये फरशीवर संगमरवरासारख्या शिरा असतात, टीव्ही युनिटच्या सनमायकावर लाकडाच्या रेषा असतात, खिडकीला ग्रिल असतं. या साऱ्या नक्षीच आहेत, फक्त आपण त्या मोजत नाही. उभ्या पट्ट्यांचा पातळ पडदा लावला, तर मागच्या उजेडात ग्रिलचे आडवे गज त्यातून दिसतात आणि खिडकीत दिवसभर चौकडी उमटते. म्हणून हॉलचे पडदे साधे, अस्तर लावलेले आणि चादरीतल्याच एखाद्या गडद रंगाचे घ्या. फरशीच्या शिरा ठळक असतील, तर गालिचाही बिननक्षीचा बरा. चार नक्षी सुखाने नांदायच्या असतील, तर त्यांच्यामध्ये साधी जागा लागतेच. भिंती साध्या असल्या की ती बरीचशी मिळते.

खणाचा पन्हा अरुंद असतो. पूर्ण टेबल झाकायला जोड द्यावा लागेल आणि जोडावर बुट्टी तुटेल. त्यापेक्षा टेबलाच्या मधोमध त्याची एकच लांब पट्टी अंथरा. उरलेल्या तुकड्यांची एका उशीला किनार लावा, म्हणजे टेबलावरचा रंग दिवाणापर्यंत पोचेल.

एक विनंती मात्र मनापासून करते. आईची इरकल अजून नेसण्याजोगी असेल, तर तिला कात्री लावू नका. विरलेली असेल तरच अभ्रे शिवा, आतून सुती अस्तर द्या, आणि पदराचा तुकडा दर्शनी बाजूला घ्या. शिवण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने पदर पुसून बघा. फडक्यावर लाल उतरला, तर तो रंग पावसाळ्याच्या दमट हवेत चादरीलाही लागू शकतो. अशा वेळी तो तुकडा फ्रेम करून भिंतीवर लावलेला चांगला.

पडद्याचं कापड एकदम घेऊ नका. आधी मीटरभरच आणा, खिडकीला टाचून चादरीशेजारी एकदा भर दुपारी आणि एकदा रात्री दिव्यात बघा, आणि मगच शिंप्याकडे द्या.