एअर महामार्ग: पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन

एअर महामार्ग दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्समन यांना जोडतो. लांबी सुमारे 1,660 किलोमीटर. 1841 साली हा मुलूख ओलांडणाऱ्या एडवर्ड जॉन एअरचे नाव त्याला मिळाले. सबंध रस्ता डांबरी व्हायला मात्र 1976 उजाडले. नोकरीनिमित्त ॲडलेडहून पर्थला बिऱ्हाड हलवायचे तर हाच मार्ग. ॲडलेड ते पर्थ अंतर सुमारे 2,700 किलोमीटर भरते. दोन दिवसांत उरकण्याची हौस अंगाशी येते; चार दिवस धरावेत.

पोर्ट ऑगस्टा ते सेडुना हा पट्टा गहू आणि मेंढ्यांचा. किंबा, वुडिना, मिनिपा ही छोटी गावे धान्याच्या उंच सायलोंवरून दुरूनच ओळखू येतात. ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत सुगी असते. त्या दिवसांत धान्याचे लांबलचक ट्रक आणि रस्ता व्यापणारी कापणी यंत्रे वाटेत भेटतात. ओव्हरटेकची घाई करू नये. समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलतो, तो इथला रामराम, उत्तर द्यावे.

सेडुनात किराणा, दवाखाना, पेट्रोल सारे मिळते. पुढे वस्ती विरळ होते आणि रोडहाउसवरच, म्हणजे रस्त्याकाठच्या पेट्रोलपंप-खानावळींवरच, भिस्त राहते. नलारबॉर ते बॉर्डर व्हिलेज, बॅलाडोनिया ते केगुना अशी अंतरे 180 किलोमीटरच्या वर आहेत. इंधन शहरापेक्षा बरेच महाग, तरी प्रत्येक ठिकाणी टाकी भरावी. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे; या भागात ते दुर्मीळ आहे. बॅलाडोनिया आणि केगुना यांच्यामध्ये 146.6 किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. डुलकी लागते ती इथेच. पश्चिमेकडे जाताना दुपारनंतर सूर्य थेट डोळ्यांवर येतो, हेही लक्षात असावे.

मराठी स्वयंपाकघराचे खरे संकट तपासणी नाक्यावर. पश्चिमेला जाताना राज्याच्या सीमेवर, तर पूर्वेला येताना सेडुनात गाडी तपासतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात ताजी फळे, भाज्या, मध, रोपे नेता येत नाहीत. कढीपत्त्याची कुंडी, मिरच्या, लिंबे आधीच कुणाला तरी देऊन टाकावीत. दशम्यांसारखे शिजवलेले अन्न सहसा चालते. तरी विचारल्यावर सारे सांगावे, लपवल्यास दंड होतो.

पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर कांगारू, वॉम्बॅट, उंट रस्त्यावर येतात. प्राणी आडवा आला तर ब्रेक दाबावा, स्टिअरिंग झटक्यात वळवू नये. भाड्याच्या गाडीचा विमा रात्रीच्या अपघाताला लागू होतो का, ते करारात आधीच वाचावे.

मोबाइलला लांब पट्ट्यांत रेंज नसते. कुठे, किती वाजता पोचणार हे घरी कळवून निघावे. महामार्गाचे काही तुकडे फ्लाइंग डॉक्टरांच्या, म्हणजे विमानाने येणाऱ्या वैद्यकीय सेवेच्या, विमानांसाठी धावपट्टी म्हणून आखलेले आहेत. तिथे गाडी उभी करू नये. आणीबाणीचा क्रमांक 000. गाडी बंद पडली तर तिच्यापाशीच थांबावे, मदत शोधायला पायी निघू नये.