सायीखाली व्हिस्की आहे, हे आधी सांगा

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या लिमरिक शहरात एका हॉटेलच्या बारमध्ये मी काम करतो. डिसेंबरात इथं साडेचारलाच अंधार पडतो, शॅनन नदीवरून ओला, बोचरा वारा सुटतो आणि आत आलेलं माणूस ओव्हरकोट काढायच्या आधी आयरिश कॉफी मागतं. आपली मराठी मंडळीही मागतात आणि नंतर हटकून विचारतात, घरी कशी करायची? मला हे पेय मनापासून आवडतं, म्हणून कृतीही मी मनापासून सांगतो. पण हल्ली कृतीच्या आधी मी एक प्रसंग सांगतो.

संक्रांतीनंतरचा शनिवार होता. एका ओळखीच्या घरी दुपारी हळदीकुंकू आणि रात्री सगळ्यांचं जेवण असा बेत होता. माझी ड्युटी संपवून मी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि दारात रुग्णवाहिका उभी होती. झालं होतं ते असं. जेवायला उशीर होणार म्हणून यजमानांनी सगळ्यांसाठी आयरिश कॉफी केली. मोठ्या मगमध्ये बाटलीतून थेट व्हिस्की, वर कॉफी, भरपूर साखर आणि डब्यातून फुसकन बाहेर येणाऱ्या क्रीमचा डोंगर. ट्रे फिरला. ‘घ्या काका, गरमागरम कॉफी’, म्हणत कोणीतरी एक मग साताऱ्याहून लेकीकडे आलेल्या काकांच्या हातात दिला. काका एरवी दारूला शिवत नाहीत. त्यांना ती गोड, दाट कॉफी आवडली, त्यांनी आणखी एक मागून घेतली. थोड्या वेळानं अंगात चांगली ऊब आली, तेव्हा त्यांनी शाल काढली, स्वेटर काढला आणि मोकळ्या हवेत म्हणून मागच्या अंगणात गेले. आत गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या. पान वाढायची वेळ झाली तेव्हा लेक शोधायला गेली, तर काका दव गोठलेल्या पायरीवर बसलेले, पायात नुसत्या सपाता, हात बर्फासारखे गार आणि जीभ जड. ‘बाबा, आत चला’, म्हटलं तर म्हणाले, ‘अगं, मला उकडतंय.’

रुग्णवाहिकेतल्या बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. किती प्यायलेत आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांचं लेकीला ठाऊक होतं, रक्तदाबाची एक आणि रात्री झोपेची अर्धी. पहिल्या प्रश्नावर ती म्हणाली, ‘बाबा पीत नाहीत.’ यजमान म्हणाले, ‘थोडीशीच होती.’ थोडीशी म्हणजे किती, हे त्या घरात कोणालाही सांगता येईना. काका रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहिले आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी आले. यजमान भला माणूस, त्यांना स्वतःलाच फार लागलं. त्यांच्याच मगमध्ये आम्ही नंतर पाणी ओतून पाहिलं. त्यांनी बोटानं दाखवली त्या खुणेपर्यंत ७५ मिली भरलं. इथल्या पबमध्ये व्हिस्कीचं एक माप ३५.५ मिलीचं असतं. म्हणजे कधी न पिणाऱ्या माणसाच्या पोटात, रिकाम्या पोटी, चार मापांहून जास्त व्हिस्की गेली होती आणि त्याला वाटत होतं की आपण दोन मग कॉफी प्यायलो.

या पेयाची अडचण नेमकी इथंच आहे. नुसती व्हिस्की स्वतःची ओळख लपवत नाही. पहिल्या घोटाला घसा जळतो, माणूस सावध होतो. आयरिश कॉफीत साखर जळजळ मारते, कॉफीचा कडवटपणा व्हिस्कीचा वास गिळतो, साय जिभेवर लेप देते आणि कॅफीन झोप उडवतं. कॅफिनानं नशा उतरत नाही, फक्त आपण शुद्धीत आहोत असं वाटत राहतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफीन घातलेली मद्यं विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला, तो याच कारणानं. माणसाला आपण किती प्यायलोय ते कळत नाही आणि तो पीत राहतो.

आणि ऊब? दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतलं गरम रक्त कातडीपाशी येतं, म्हणून अंग तापल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निसटत असते आणि कुडकुडून अंग गरम ठेवायची शरीराची युक्तीही मंदावते. गरम पेय म्हणून कॉफीची ऊब खरी, व्हिस्कीची ऊब फसवी. थंडीत बाहेर निघायच्या आधी ‘एक घोट मारून जा’ असं कोणी म्हणालं, तर कृपा करून ऐकू नका. हे बाहेरून आल्यावर, दार लावून घेतल्यावर प्यायचं पेय आहे.

त्याचा जन्मही तसाच झाला. लिमरिकच्या पश्चिमेला शॅननच्या खाडीवर फॉइन्स नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अटलांटिक ओलांडणारी, पाण्यावर उतरणारी विमानं तिथं थांबायची. १९४३ च्या हिवाळ्यात वादळामुळं एक विमान अर्ध्या वाटेतून परत आलं. गारठलेले प्रवासी धक्क्यावर उतरले आणि तिथल्या उपाहारगृहाचा आचारी ज्यो शेरिडन यानं त्यांच्या कॉफीत व्हिस्की घातली, असं इथं सांगतात. त्या लोकांना पुढं गाडी हाकायची नव्हती, उघड्यावर फिरायचंही नव्हतं. शेकोटीपाशी बसून रात्र काढायची होती. गावात आता त्या विमानांचं संग्रहालय आहे. लिमरिकला आलात तर जरूर बघा.

आता कृती, आणि ती मोजूनच. पेग मेजर नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण घ्या, पण बाटलीतून थेट धार लावू नका. एका ग्लासला ३५ मिली व्हिस्की, १२० मिली कडक काळी कॉफी, दोन चमचे ब्राऊन शुगर आणि वर बोटभर जाडीचं क्रीम. ग्लास २०० मिलीच्या आसपासचा हवा. मोठा घेतला की तो भरायच्या नादात हात सैल सुटतो. आयर्लंडमध्ये १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलला एक प्रमाण पेय मानतात आणि तेवढं पचवायला शरीराला साधारण तास लागतो. ३५ मिलीत ११ ग्रॅम येतं. भारतात घरी करणार असाल तर हिशेब बदलतो. आपल्याकडच्या बहुतेक रम आणि व्हिस्की ४२.८ टक्क्यांच्या आणि ‘लार्ज’ म्हणजे ६० मिली, म्हणजे एका ग्लासात २० ग्रॅम. कॉफीत लार्ज घालू नका. तीसच्या मापात चवही जास्त चांगली लागते, हे मी रोज करणारा माणूस म्हणून सांगतो.

ग्लास आधी गरम पाण्यानं भरून ठेवा आणि कॉफी तयार झाली की ते पाणी ओता. गार ग्लासात उकळती कॉफी पडली तर तळ तडकतो, आणि पातळ ग्लास असेल तर तो हातातच फुटतो. जाड, दांडीवाला, उष्णता सोसणारा ग्लास असेल तर उत्तम. साखर कॉफीतच पूर्ण विरघळू द्या. ती नुसती गोडीसाठी नसते, साखरेनं कॉफी जड होते आणि त्या आधारावर क्रीम तरंगतं. बिनसाखरेची आयरिश कॉफी मागणाऱ्याचं क्रीम बुडतं, त्याला बारवाल्याचा इलाज नाही. मग व्हिस्की घाला, आणि ती गरम करू नका.

इथं मला थांबलंच पाहिजे. महाबळेश्वरला भाड्याच्या बंगल्यात उतरलेल्या माझ्या मावसभावानं रम पातेल्यात ओतून गॅसवर ठेवली होती, कॉफी गार पडू नये म्हणून. क्षणात पातेल्यावर निळा भडका उठला आणि त्याच्या भुवया गेल्या. डोळे वाचले, हे नशीब. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे नुसती कोमट केली तर काय होतंय, असं वाटतं. पण ४० टक्के दारूवरची वाफ २६ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. बाटली गार वाटत असेल तर गरम पाण्याच्या भांड्यात, गॅस बंद करून, पाच मिनिटं उभी ठेवा. बस्स. आणि कुठं भडका उठलाच तर पातेलं उचलून धावू नका, वर पाणीही ओतू नका. गॅस बंद करा आणि घट्ट बसेल असं झाकण टाका.

क्रीम हा या पेयाचा प्राण. १९५२ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतल्या ब्यूना व्हिस्टा कॅफेचे मालक जॅक केपलर आणि पत्रकार स्टँटन डेलाप्लेन यांनी शॅनन विमानतळावर मिळणारी हीच कॉफी आपल्याकडे जमवायचा चंग बांधला, तेव्हा त्यांचंही घोडं इथंच अडलं, क्रीम सारखं तळाला जायचं. शेवटी, पुढे त्या शहराचे महापौर झालेले डेअरीमालक जॉर्ज क्रिस्टोफर यांनी मार्ग दाखवला. क्रीम ४८ तास मुरू द्यायचं आणि मग नेमकं हवं तेवढंच फेसायचं. ‘तेवढंच’ म्हणजे किती, ते असं ओळखा. फ्रिजमधलं थंडगार क्रीम झाकणाच्या बरणीत अर्ध्यापर्यंत घ्या आणि हलवा. आधी खळखळ आवाज येतो, मग तो मंदावतो आणि जड, थबथब असा होतो. तिथंच थांबा. बुडबुडे दिसत नाहीत, बरणी वाकडी केली की क्रीम ओघळतं, पण सावकाश. आणखी हलवलंत तर केकवरचं क्रीम होतं, ते ओठाला चिकटून बसतं आणि खालची कॉफी येतच नाही. चमचा उलटा धरून कॉफीला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून क्रीम सोडा. पांढरा थर एकसारखा पसरतो, कडेला काळी रेघ स्वच्छ राहते. नंतर ढवळायचं नाही. गार सायीतून गरम कॉफी ओढायची, सगळी गंमत त्यातच आहे.

भारतात छोट्या खोक्यात मिळणारं २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम यासाठी पुरत नाही, ३५ टक्क्यांचं दुधाचं व्हिपिंग क्रीम आणा. वनस्पती तेलाचं गोड क्रीम टाळा. कॉफी नेहमीची दुधाळ नको. चिकोरी नसलेल्या पावडरीची, किंवा दाक्षिणात्य फिल्टरमधलं डिकॉक्शन पातळ करून केलेली चालेल.

पाहुण्यांना द्यायची तर बरोबर खायला द्या, रिकाम्या पोटी देऊ नका. झोपेच्या, चिंतेच्या, ॲलर्जीच्या गोळ्या घेणाऱ्याला, सर्दीचं गुंगी आणणारं औषध घेतलेल्याला, गरोदर बाईला ती चालत नाही. हे चारचौघांत विचारणं अवघड जातं, म्हणून आधीच हळूच विचारा. गाडी चालवणाऱ्याला तर देऊच नका. भारतात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आयर्लंडमध्ये ती ५० असली, तरी शिकाऊ परवानाधारकांना आणि पक्का परवाना मिळून दोन वर्षं न झालेल्यांना २० च आहे. भारतातला परवाना इथं बदलून मिळत नाही, त्यामुळे नव्यानं आलेले आपले बहुतेक लोक, मायदेशी कितीही वर्षं गाडी चालवलेली असली तरी, या २० मध्येच मोडतात.

ज्या घरी तो प्रकार झाला तिथं आता मी सांगितलेली पद्धत चालते. व्हिस्कीची कॉफी फक्त दांडीच्या काचेच्या ग्लासात, आणि ती यजमान स्वतः हातात देतात, ‘यात व्हिस्की आहे’ असं तोंडानं सांगून. ट्रे फिरत नाही. न पिणाऱ्यांची कॉफी रंगीत चिनी मातीच्या कपात, तेच क्रीम, तीच साखर, वर किंचित जायफळ. मुलांचे कप वेगळ्या टेबलावर. रिकामे ग्लास मोरीत न टाकता ओट्यावर ओळीनं ठेवायचे, म्हणजे कोणाचे किती झाले ते दिसतं. काका पुढच्या हिवाळ्यात परत आले, तेव्हा त्यांनी जायफळाची मागितली.