मैत्रिणीच्या पिशवीचा हिशेब

चि. मनूस,


तुझा परवाचा निरोप मी दोनदा ऐकला. फोनवर उत्तर देत बसले नाही, कारण यात थोडा हिशेब आहे आणि हिशेब कागदावर असलेला बरा.

झालं ते असं, मला समजलं तसं. वर्गातल्या तुझ्या जुन्या मैत्रिणीनं क्रोशाची पिशवी करून मागितली. तू बोहरी आळीतून तीनशे वीस रुपयांचं सूत आणलंस, सहामाही तोंडावर असताना रात्री बसून पिशवी पुरी केलीस आणि साडेचारशे रुपये सांगितलेस. तिनं सगळ्या मुलींसमोर मोबाइलवर तशीच दिसणारी पिशवी अडीचशेला दाखवली. तू पिशवी तिच्या हातात ठेवलीस, पैसे घेतले नाहीस आणि तेव्हापासून तुमचं बोलणं बंद आहे. आता म्हणतेस की सुया, सूत सगळं कपाटात टाकलं, दहावी होईपर्यंत हात लावणार नाही. तुझी आई म्हणते बरं झालं. मला काही ते बरं झालंसं वाटत नाही.

आधी पैशांचं बघू. पिशवीला किती तास लागले असं विचारल्यावर तू बावीस म्हणालीस. साडेचारशेतून सुताचे तीनशे वीस गेले की एकशे तीस राहतात. बावीस तासांचे एकशे तीस, म्हणजे तासाला सहा रुपयेसुद्धा नाहीत. मनू, ही किंमत मैत्रिणीनं ठरवली नव्हती, तू ठरवली होतीस. तिनं घासाघीस करायच्या आधीच तू तुझे बावीस तास जवळजवळ फुकट धरले होतेस. तिच्या बोलण्याचा राग येणं मी समजू शकते. पण तुझ्या कामाला पहिल्यांदा कमी लेखलं ते तू स्वतः, आणि मला या पत्रात मुख्यतः तेवढंच सांगायचं आहे.

ती अडीचशेची पिशवी कशी परवडते, हेही समजून घे. दोन सुयांवरचं स्वेटरचं विणकाम तू आजीकडून शिकलीस, म्हणून तुला हे चटकन कळेल. त्या विणकामात एका ओळीचे सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. यंत्राला ते जमतं. इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं 1589 सालीच तसं यंत्र बनवलं होतं. क्रोशाचं तसं नाही. इथे एका वेळी एकच टाका उघडा असतो, तो पुरा करायचा, मगच पुढचा. आणि सुई खालच्या कुठल्याही घरात, कुठल्याही बाजूनं शिरते. कारखान्यात हे काम अजून यंत्राकडे गेलेलं नाही. यंत्रावरची जाळी लांबून क्रोशासारखी दिसते, पण उसवून पाहिलीस तर तिची गुंफण निराळी निघते. तेव्हा मोबाइलवरची ती पिशवी खरोखर क्रोशाची असेल, तर ती कुणीतरी हातानं केली आहे. हात सराईत असेल तर तुझ्यापेक्षा कमी तास लागले असतील, पण लागले आहेत. अडीचशे रुपयांतून सूत, वाहतूक, दुकानदाराचा नफा वजा कर आणि त्या हाताला काय उरलं असेल ते तूच मांडून बघ.

अशाच हातांची एक गोष्ट सांगते. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या काठच्या मुलखात नरसापूर नावाचं गाव आहे. त्या पट्ट्यात हजारो बायका घरी बसून क्रोशाची लेस करत आल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हे काम तिथे शिकवलं आणि पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या बायकांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1982 साली आलं. त्यांनी दाखवलं ते असं. या बायका घरचं सगळं आवरून रोज सहा-सहा, आठ-आठ तास सुई चालवत. त्यांच्या लेसवर व्यापारी श्रीमंत झाले. पण सगळे म्हणत, या काय, गृहिणी आहेत, फावल्या वेळात काहीतरी करतात. एकदा काम फावल्या वेळातलं ठरलं की मजुरी कितीही कमी दिली तरी कुणाला टोचत नाही, कधीकधी करणारीलासुद्धा नाही. आपल्याकडच्या गोधड्यांचं वेगळं काय झालं? जुन्या लुगड्यांचे थर लावून, चारी बाजूंनी धावदोरा घालत आत येत, महिना महिना बसून बायकांनी गोधड्या शिवल्या आणि घरानं त्यांना काम म्हणून कधी धरलं नाही. तू 'सहज केलं गं, टाइमपास' असं म्हणतेस ना, तेव्हा तूही स्वतःला त्याच रांगेत उभं करतेस.

मग किंमत लावायची कशी? परक्या माणसाला पूर्ण किंमत सांग, सुताची आणि तासांची. परवडली तर तो घेईल, नाही तर नाही, आणि त्यात कुणाचा अपमान नाही. मैत्रिणीकडून पैसेच घेऊ नकोस. एक तर आपणहून, मनापासून भेट दे, तिनं मागितलं म्हणून नव्हे. नाही तर कामाच्या बदल्यात काम घे. अर्धी किंमत मात्र कधीही लावू नकोस. अर्ध्या किमतीत तिला वाटतं आपण पैसे मोजले, तुला वाटतं आपण फुकट केलं, आणि दोघींच्याही मनात खरंच तसं असतं. शिवणवर्ग चालवताना अशा अर्ध्या किमतीच्या ब्लाउजांवरून शेजारणींची वर्षानुवर्षांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. ब्लाउज फुकट शिवून दिला असता तर ती टिकली असती.

आता त्या मुलीविषयी. तुझ्याच बोलण्यात आलं होतं की भूमिती तुला जड जाते आणि गेलं वर्षभर संध्याकाळी फोनवर प्रमेयं ती तुला समजावते. एकेका सिद्धतेसाठी अर्धा अर्धा तास. त्या तासांचा हिशेब कधी मांडलास का? तुझे बावीस तास तिला दिसले नाहीत, हे खरं. पण तिचे किती तास तुला दिसले? तिला भूमिती येते म्हणून ती सांगते, तिला त्यात काय त्रास, असं तू धरलंस. तुला क्रोशा येतो म्हणून तू करतेस, तुला त्यात काय त्रास, असं तिनं धरलं. सगळ्यांसमोर किंमत काढायला नको होती, ही तिची चूक मी झाकत नाही. तरी तुमचं भांडण दिसतं तेवढं मोठं नाही. तिला घरी बोलव आणि हातात सुई दे. शिकवणीचा आव आणू नकोस, नुसतं सांग की एक गोल करून बघ.

तो गोल करताना तुम्हा दोघींनाही काहीतरी सापडेल. मधल्या कडीत सहा मुके खांब घालायचे, दुसऱ्या फेरीला बारा, तिसऱ्या फेरीला अठरा. प्रत्येक फेरीला सहा वाढवत गेलं तर गोल ताटासारखा सपाट राहतो. कमी वाढवले तर कडा वर येऊन वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर सुटते. तुला हे बोटांनी माहीत आहे, तिला परिघाच्या सूत्रातून माहीत असेल. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना नावाच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाई भूमिती शिकवत. एका विशिष्ट वक्र पृष्ठाचं प्रतिरूप विद्यार्थ्यांच्या हातात देता यावं म्हणून त्यांची खटपट चालली होती. कागदाची प्रतिरूपं हाताळताना फाटत. 1997 साली त्यांनी ते पृष्ठ क्रोशानं विणलं: प्रत्येक ओळीला ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेले, की झालर आपोआप घडत जाते. लहानपणी शिकलेला क्रोशा त्यांनी थेट विद्यापीठाच्या वर्गात नेला. आपण जिला चुकलेला गोल म्हणतो, तिच्यात एक निराळी भूमिती आहे. हे तुझ्या मैत्रिणीला सांग, तिचे डोळे चमकतील. आणि तू मनाशी घेतलेलं 'मला गणित येत नाही' हे वाक्य जरा तपासून बघ. फेऱ्या, वाढ, नक्षीची पुनरावृत्ती तू रोज मनात मोजतेस.

इथे मिरजेत आमच्या सतारमेकर गल्लीत तुला एकदा न्यायचं आहे. तिथल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारी, शस्त्रं करणारे. शस्त्रांची मागणी सरल्यावर, एकोणिसाव्या शतकात, ते तंबोरे आणि सतारी करू लागले. भोपळा पंढरपूरकडचा. तो वाळवणं, कापणं, दांडी जोडणं, नक्षी, आणि शेवटी जवारी लावणं. जवारी म्हणजे घोडीचा माथा कानानं ऐकत ऐकत घासायचा. एकाला सगळं सारखंच येतं असं नाही, आणि एकाचं काम दुसऱ्याला ठाऊक असतं म्हणून त्याचा मान राहतो. तुमच्या चार-पाच जणींच्या कंपूत असंच व्हावं असं मला वाटतं. एकीची चित्रकला, एकीचं गाणं, एकीचं गणित, तुझी सुई. एकमेकींचं काम जवळून पाहिलं नाही, तर त्याची किंमत फक्त मोबाइलवर कळते.

आईचं म्हणणंही तू नीट ऐकलेलं नाहीस. तिला क्रोशाचा राग नाही, रात्री साडेबाराला जळणाऱ्या दिव्याचा आहे. दहानंतर सुई बंद, हे तू स्वतःहून तिला सांग आणि पाळ. रोज अर्धा तास संध्याकाळी, अभ्यासाच्या दोन बैठकींच्या मध्ये. मनगट दुखलं तर तेवढाही नको. दहावीत हे सोडायची गरज नाही. उलट अर्ध्या तासात हात चालतो आणि डोकं मोकळं होतं, मग इतिहासाच्या सनावळ्या बसतात. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून तू ती दिलीस, ते ठीक. पण त्यातल्या संकल्पचित्राच्या वेळी केलेली रेखाटनं फेकू नकोस. त्यांतून पुढच्या पिशव्यांच्या नक्ष्या निघतील, तुझ्या स्वतःच्या. व्हिडिओ बघून दुसरीची नक्षी जशीच्या तशी उचलायची आणि विकायची, हे मला आवडत नाही. शिकायला उचल, विकायला नको.

आणि एक वही कर. प्रत्येक वस्तूला सूत किती, सुई कितीची, तास किती, कुणाला दिली, पैसे घेतले की नाही. तू पुढे डिझाइनकडे जा की बँकेत जा, ही वही तुझ्या उपयोगी पडेल. मैत्रिणीच्या पिशवीची नोंद पहिल्या पानावर कर, बावीस तास लिहून. समोर 'भेट' असं लिहायचं की नाही, ते तिच्याशी बोलल्यावर ठरव.

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस इकडे ये. जमलं तर तिलाही घेऊन ये, गाडीत सोबत होईल आणि तिच्या आईशी मी बोलेन. येताना ती निळी शाल आण, अर्धवट आहे तशीच. एका बाजूची कड आक्रसते म्हणून तू सोडून दिलीस, पण फोटोवरून मला वाटतं की ओळ उलटताना घालायच्या साखळ्या एकेकानं कमी पडताहेत. खांबाला तीन लागतात. शेवटच्या दहा ओळींच्या तेवढ्या मोजून मला कळव, म्हणजे उसवायचं कुठपर्यंत ते ठरवता येईल.

तुझी,
आत्या