प्रमुख राउटर थांबला तर कार्यभार कोणाकडे?

सरपंच अनुपस्थित असल्यास त्यांची कामे उपसरपंचाने पार पाडावीत, अशी तरतूद १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. अडचण उद्भवण्यापूर्वीच कार्यभाराचा क्रम ठरलेला असावा, हे त्यामागील सूत्र होय. संगणकाच्या जाळ्यातही हेच सूत्र अवलंबिले जाते.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर येथे परिसरातील पाड्यांवरून लोक कामानिमित्त येत असतात. दाखल्यासाठी आलेल्या मजुरास ‘लाईन बंद आहे’ एवढेच ऐकून परतावे लागले, तर त्याची दिवसाची मजुरी बुडते. हे टाळण्यासाठी कार्यालयात दोन राउटर बसविता येतात. एक प्रमुख, दुसरा राखीव. दोहोंचा मिळून एकच सामाईक पत्ता असतो. कार्यालयातील संगणक तेवढाच पत्ता ओळखतात. त्यामागे कोणते यंत्र काम करीत आहे, हे त्यांना कळण्याचे कारण नसते.

निवड कशी होते?

व्हीआरआरपी या नावाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या मानकात याचे नियम आहेत. प्रत्येक राउटरला १ ते २५४ पर्यंतचा अग्रक्रमांक देता येतो. तो न दिल्यास १०० धरला जातो. मोठा अंक असलेला राउटर प्रमुख होतो. अंक समान असल्यास ज्याचा स्वतःचा अंकीय पत्ता मोठा, त्याची निवड होते.

प्रमुख राउटर साधारणतः दर सेकंदास आपण कार्यरत असल्याचा संदेश देतो. तीन संदेशांचा काळ शांततेत गेला की राखीव राउटर आणखी सेकंदाचा काही अंश थांबतो आणि सूत्रे हाती घेतो. हा अंश २५६ मधून अग्रक्रमांक वजा करून, बाकीस २५६ ने भागून मिळतो. अंक १०० असल्यास एकूण प्रतीक्षा सुमारे ३.६ सेकंद होते. अंक जितका मोठा तितकी प्रतीक्षा कमी. त्यामुळे अनेक राखीव राउटर असले तरी योग्य तोच प्रथम पुढे येतो. मूळ प्रमुख परतल्यावर, तशी मनाई केलेली नसल्यास, कार्यभार पुन्हा त्याच्याकडे जातो.

कोणती दक्षता घ्यावी?

बाहेरची केबल तुटली, पण राउटर चालू राहिला, तर तो ‘मी हजर आहे’ असे सांगतच राहतो. राखीव राउटर स्वस्थ बसतो आणि काम मात्र ठप्प होते. यासाठी बाहेरची जोडणी तुटताच अग्रक्रमांक घटेल, अशी योजना करून घ्यावी. १२० मधून ३० वजा झाले की ९० उरतात आणि १०० अंकाचा राखीव राउटर पुढे येतो.

दोन्ही जोडण्या एकाच चरातून नेल्यास एका खोदकामात दोन्ही तुटतील. दोन्ही यंत्रे एकाच वीजजोडणीवर असल्यास एकदमच बंद पडतील. म्हणून यंत्रे ताब्यात घेताना केवळ नगसंख्या न मोजता, प्रथम प्रमुख राउटर बंद करून व नंतर त्याची बाहेरची केबल काढून, काम चालू राहते की नाही हे समक्ष पाहावे आणि त्याची नोंद ठेवावी.