खिडकीकडे तोंड करून गा

‘आवाज नंतर काढता येईल’ असं जो म्हणेल, त्याच्या हाती आपलं गाणं देऊ नका, असं मी माझ्या विद्यार्थिनींना हल्ली बजावते. त्यामागे अभंगांचा एक अख्खा संच आहे. तो मी घरीच गायले, डोंबिवलीत, रुळांपासून फारशा लांब नसलेल्या इमारतीत. मिक्सिंग करणाऱ्या गृहस्थांना माझ्या गाण्यामागे बारीक घरघर ऐकू आली आणि त्यांनी मला न विचारता एक एआयवालं टूल लावलं. घरघर गेली. तिच्याबरोबर प्रत्येक ओळीच्या शेवटी विरत जाणारा आकारही गेला. मींड मध्येच कापल्यासारखी, ‘स’ आणि ‘श’ बोबडे, आणि श्वास तर औषधालाही नाही. मूळ फाइली माझ्याकडे होत्या म्हणून सगळं पुन्हा उभं राहिलं. तेव्हा पहिली गोष्ट ही, की कच्ची फाइल कधीही पुसू नका, आणि कोणालाही पाठवताना तिची प्रतच पाठवा.

अशी टूलं वाईट असतात असं नाही. ती बहुतेक माणसाच्या बोलण्यावर तयार झालेली असतात. बोलताना स्वर सारखा हलतो, अक्षरं तुटत जातात. त्यामुळे जे एका जागी स्थिर राहतं ते त्यांच्या हिशेबी पंखा किंवा एसी. आणि आपण तर षड्ज लावून त्यावर ठाण मांडतो! लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवणाऱ्या गुरुजनांना हे वेगळं सांगायला नको. तानपुरा लावला की पलीकडच्याला तो ऐकूच जात नसे. झूमने २०२० साली संगीतासाठी वेगळं सेटिंग दिलं ते याच कारणाने. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर तिथेही अशी सफाई आपोआप चालू असू शकते. सेटिंगमध्ये शोधून ती आधी बंद करा.

ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमधली जुनी पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. नुसत्या खोलीच्या आवाजाचा नमुना द्यायचा आणि तेवढाच वजा करायला सांगायचं. पण तिथेही मी ६ डेसिबलवर थांबते. जास्त ओढलं की स्वराभोवती पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा आवाज यायला लागतो. नमुन्यात चुकून तानपुरा आला, तर सॉफ्टवेअर तुमच्याच सुरावर कात्री चालवणार, हेही लक्षात असू द्या.

म्हणून गोंगाट माइकपर्यंत पोचण्याआधीच अडवायचा. यात सगळ्यात मोठा फायदा देणारी गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे अंतर. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीची घरघर मात्र आहे तेवढीच राहते. दोन फुटांवरून सहा इंचांवर या, म्हणजे सरळ १२ डेसिबलची कमाई. तेवढ्याने गेन खाली आणता येतो आणि घरघर मागे पडते. ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसू नयेत म्हणून मध्ये पॉप फिल्टर लावा आणि माइक ओठांच्या सरळ समोर न ठेवता किंचित बाजूला घ्या.

जवळ आल्यावर आवाजाला जडपणा येतो, मग लोक खालच्या फ्रिक्वेन्सी कापतात. कापताना आपली पट्टी बघा. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईचा मंद्र षड्ज ११६ हर्ट्झच्या आसपास येतो, तिने ८० हर्ट्झखालचं खुशाल काढावं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र षड्ज ६९ हर्ट्झ आहे. त्याने तेच केलं तर खर्जाची मेहनत गेली पाण्यात.

आता दिशेबद्दल. गाण्यासाठी वापरतात ते बहुतेक माइक समोरून ऐकतात आणि पाठीमागून जवळजवळ बहिरे असतात. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं आपल्याला सहज सुचतं, पण तसं उभं राहिलं की माइकचं तोंड तुमच्या खांद्यावरून थेट खिडकीकडे होतं. उलट करा. खिडकीकडे तोंड करून गा, म्हणजे माइकची बहिरी बाजू रस्त्याकडे जाईल. काचेवरून स्वर परत येऊ नये म्हणून तिच्यावर जाड गोधडी टाका, आणि दुसरी आपल्या पाठीमागे टांगा, कारण माइक तिकडेच बघतोय.

गोधडीने रिक्षाचा हॉर्न अडत नाही, हेही सांगून टाकते. गोधडी, गादी, बाजारातला महागडा फोम, सगळे खोलीतला घुमारा कमी करतात. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. सरकत्या खिडकीच्या फटीत रबरी पट्टी बसवली तर फोमच्या दहा चौकोनांपेक्षा जास्त गुण येतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांना मी हात जोडते.

पंखा आणि एसी बंद, याला पर्याय नाही. मे महिन्यात घामाघूम व्हाल, पण चार-चार मिनिटांचे टेक घेऊन मधे पंखा लावता येतो. फ्रिजही बंद करा, आणि स्कूटरची किल्ली त्यात ठेवा. बाहेर पडताना फ्रिज उघडावाच लागेल, दूध नासणार नाही. वेळ कोणती निवडायची हे मात्र ज्याने त्याने आपल्या गल्लीचा कानोसा घेऊन ठरवावं. पहाटे शांतता असते ही समजूत कोकिळेने वसंतात कायमची मोडलेली आहे. प्रत्येक बैठकीआधी अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करून हेडफोनवर मोठ्याने ऐका, कानाला सवयीने ऐकू न येणारं बरंच काही सापडतं.

हेडफोनही बंद कपांचाच हवा. एक कान उघडा ठेवून गायची सवय असेल तर तो कप हवेत लोंबकळत ठेवू नका, कानामागे डोक्याला दाबून ठेवा. नाहीतर तबल्याची टिकटिक तुमच्या आवाजात कायमची मुरते.

एक घरघर हवेतून येतच नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० आणि १०० वर बसलेली सापडते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तिथेच निकाल लागतो. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. गुणगुण जाईलही, पण शॉकपासून वाचवणारी तार तीच असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या.

माइक कोणता, हे लोक सगळ्यात आधी विचारतात, मी सगळ्यात शेवटी सांगते. गजबजलेल्या घरात १९६६ पासून चालत आलेला शूअर एसएम५८सारखा डायनॅमिक माइक पुरतो. तो आजूबाजूचा आवाज कमी पकडतो असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. त्याच्याजवळ तोंड नेऊन गावंच लागतं, खरा फायदा त्याचा. महागडा कंडेन्सर घ्यायचे पैसे असतील तर आधी खिडकीचं काम करून घ्या, आणि मिक्सिंगवाल्याला फाइल पाठवताना बरोबर एक ओळ लिहा: मला दाखवल्याशिवाय नॉइज काढू नये.