या रतीबात खाडा नाही

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या चौकोनांत सासूबाई दुधाचे खाडे मांडतात. गावाला गेलो की फुली, पाहुणे आले म्हणून जादा लिटर घेतलं तर त्याचा आकडा. महिनाअखेरीला गवळ्याचा मुलगा येतो, दोघं मिळून फुल्या मोजतात आणि पैसे चुकते होतात. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण या फुल्यांवरून भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात दिवाळीची आवराआवर चालू होती, तेव्हा कितीतरी महिन्यांनी बँकेत जाऊन मी पासबुक भरून आणलं. चहा घेता घेता पानं उलटत होते. ५ तारखेला १४९ रुपये वजा. मागच्या महिन्याच्या ५ तारखेला पुन्हा १४९. त्याच्या मागच्या महिन्यातही तेच.

"एवढे कशाचे गं?" सासूबाई लसूण सोलत होत्या.

"पुस्तकांचे, आई. मोबाईलवर वाचायची असतात ती."

"ते तर तू काढून टाकलंस ना उन्हाळ्यात? फोनमध्ये जागा नाही म्हणालीस."

"हो."

"म्हणजे दूध बंद आणि गवळ्याचे पैसे चालू?" पाकळ्या वाटीत टाकत त्या म्हणाल्या, "मग खाडे धर की."

ही चूक आधी सांगून टाकते, कारण ती पुष्कळ जणांकडून होत असणार. फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं की वर्गणी बंद होते, असं मी धरून चालले होते. अ‍ॅप हा फक्त दरवाजा. वर्गणी असते कंपनीकडच्या आपल्या खात्यावर, आणि पैसे वळते करण्याची परवानगी असते बँकेत किंवा यूपीआयच्या ऑटोपेमध्ये. एप्रिलमध्ये मी दरवाजा उखडून टाकला आणि आतलं मीटर पळत राहिलं. मे ते ऑक्टोबर, सहा महिन्यांचे ८९४ रुपये असे गेले. मी स्वतः विमा कचेरीत काम करते. दिवसभर लोकांना हप्त्याच्या तारखा सांगत असते. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

फसवलं गेलं असंही म्हणवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशी आपोआप होणारी वजावट करण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं. मलाही दर महिन्याच्या ४ तारखेला मेसेज येत होता. साड्यांचा सेल, कर्जाची ऑफर आणि गॅसचं बुकिंग यांच्या मधोमध तो बसलेला असे आणि मी सगळ्यांना एकाच अंगठ्याने वर ढकलत असे.

वर्गणी घेतली तेव्हा मात्र हेतू चांगला होता. डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन-येऊन रोजचे अडीच तास लोकलमध्ये. उभं राहून जाडजूड कादंबरी हातात धरता येत नाही. गल्लीतल्या लायब्ररीची वेळ आणि माझी परत यायची वेळ जुळेना. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका सेवेची जाहिरात दिसली. पहिला महिना फुकट, हजारो पुस्तकं, पुढे केव्हाही बंद करा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण गाऱ्हाण्यापेक्षा हिशेब सांगायचाय. पहिल्या आठवड्यातच मी 'नंतर वाचू'च्या यादीत साठेक पुस्तकं टाकली. यादी वाढत गेली तसतसं मला माझ्याविषयी फारच बरं वाटू लागलं. हे जरा जपून पाहावं. पुस्तक यादीत टाकल्यावर अर्धं वाचल्यासारखंच वाटतं.

पासबुक हातात आलं त्या रात्री मी वही काढली. डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२४, तेवीस महिने. १४९ प्रमाणे ३४२७ रुपये. यादीतली पुस्तकं १४३, उघडून पाहिलेली ६१, शेवटच्या पानापर्यंत गेलेली ९. म्हणजे एक पुस्तक ३८१ रुपयांना पडलं. त्या नवांतली तीन पुस्तकं तर अशा लेखकांची, ज्यांचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून साठ वर्षं हा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कुणालाही छापता येते, वाटता येते. ह. ना. आपटे, गडकरी तर त्याच्याही कितीतरी आधी मोकळे झाले. ही पुस्तकं वैधपणे फुकट मिळत असताना मी भाडं भरत होते. ती तीन वजा केली तर उरलेल्या सहांचा भाव ५७१ रुपये निघाला. तेवढ्यात प्रत्येक वेळी एक कागदी कादंबरी घरात आली असती आणि नंतर बहिणीला वाचायलाही देता आली असती.

मग मी जे दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. फोन बाजूला ठेवला आणि खरोखर वाचायची आहेत अशा दहा पुस्तकांची नावं कागदावर लिहिली. कुणी सांगितलेली, कुठे परीक्षण वाचलेली, मनात राहिलेली. मग एकेक शोधलं. वर्गणीत दोन सापडली. चार ई-बुक म्हणून होती, पण वेगळे पैसे देऊन. उरलेली चार ई-रूपात नव्हतीच.

हे असं का होतं, ते या धंद्याची घडण पाहिली की समजतं. किंडल अनलिमिटेडचंच घ्या. मी घेतलेली सेवा ती नव्हे, पण तिचे नियम उघड आहेत. स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकाला तिथे यायचं तर ९० दिवसांचा करार असतो, आणि त्या काळात ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. लेखकाला पैसे मिळतात ते वाचकाने वाचलेल्या पानांवर. जुलै २०१५ पासून ही पद्धत आहे. पानावर पैसे म्हटल्यावर मालिका लिहिणाऱ्यांचं फावतं. पहिला भाग संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. यात गैर काही नाही. पण ज्याची छापील आवृत्ती नीट खपतेय असा प्रकाशक आपलं नवं पुस्तक सरसकट भाड्याच्या ढिगात कशाला टाकेल? म्हणून आपण ज्या पुस्तकाच्या ओढीने दारात जातो तेच बहुतेक वेळा आत नसतं आणि त्याच्यासारखी दिसणारी पन्नास असतात. मीही पुष्कळदा त्या पन्नासांतलं एखादं उघडून, वीस पानांवर सोडून दिलं. उघडलेली ६१ आणि संपवलेली ९ यांच्यात जो खड्डा दिसतोय तो तिथे पडला.

मराठी वाचणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. 'मराठी पुस्तकं' म्हणून जो आकडा दाखवतात त्यात काय प्रतीचा माल आहे ते आत गेल्याशिवाय कळत नाही. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. अक्षर मोठं करता येतं म्हणून मी त्यांना टॅबवर एक जुनं प्रवासवर्णन उघडून दिलं. ते होतं छापील पानांचे नुसते फोटो काढलेलं. अक्षर मोठं करायला गेलं की अख्खं पान मोठं व्हायचं आणि ओळीचा शेवट उजवीकडे पडद्याबाहेर पळायचा. प्रत्येक ओळीला बोटाने पान डावीकडे ओढायचं, मग परत उजवीकडे. तिसऱ्या पानाला त्यांनी टॅब उपडा ठेवला. दुसरं पुस्तक दिलं, त्याची अक्षरं मोठी होत होती, पण मजकूर यंत्राने वाचून उतरवलेला आणि कुणी तपासलेला नसावा. जोडाक्षरं फुटलेली, रफार भलत्याच अक्षरावर. 'सूर्य'ला 'सूय' आणि 'धर्म'ला 'धम'. सासूबाई म्हणाल्या, "याच्यापेक्षा माझा चष्मा बरा." फुकटच्या महिन्यात पुस्तकांची नुसती मुखपृष्ठं न पाहता मधलं एखादं पान उघडून वाचा, अक्षर मोठं करून पाहा. मुंब्र्याच्या पुढे रेंज गेल्यावर पुस्तक उघडतंय का, हेही त्याच महिन्यात पाहून घ्या. माझं पहिले काही दिवस उघडत नव्हतं, कारण ते आधी फोनवर उतरवून घ्यावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

वर्गणी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी आठवलं की कोकणातल्या नद्यांवरच्या एका पुस्तकात मी साठेक ठिकाणी खुणा करून ठेवल्या होत्या. समासात बारीक टिपणंही होती. पुस्तक गेलं, त्याबरोबर तीही गेली. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलं. लायब्ररीच्या पुस्तकावर आपण खुणा करत नाही, कारण ते परत द्यायचंय हे माहीत असतं. इथे पुस्तक आपल्याच फोनमध्ये, आपल्याच उशाशी असतं, त्यामुळे भाड्याचं आहे याचा विसर पडतो. बंद करण्याआधी टिपणं वहीत उतरवून घ्या. खरं तर विकत घेतलेल्या ई-बुकचीही पूर्ण खात्री नसते. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तकं, ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. त्यातलं एक '१९८४' होतं, हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने कापला असता. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकान बंद केलं तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. विकतच्या पुस्तकांची ही कथा, मग भाड्याच्यांकडून काय अपेक्षा ठेवायची?

एवढं सांगून "घेऊच नका" असं म्हणणार नाही. माझी भाची पुण्यात हॉस्टेलवर राहते आणि इंग्रजी रहस्यकथांच्या मालिका भजी खाल्ल्यासारख्या खाते. महिन्याला आठ-दहा. तिला खोलीत पुस्तकं ठेवायला जागा नाही आणि एकदा वाचलेलं ती पुन्हा हातात धरत नाही. तिचा पैसा वसूल होतो, मला त्यात शंका नाही. दादरहून मागवलेल्या पुस्तकाला टपालखर्चच पुस्तकाइतका पडतो अशा देशात राहणाऱ्या मराठी माणसालाही हे सोयीचं पडेल. फक्त आपल्या देशातल्या खात्यावर कोणती पुस्तकं दिसतात ते त्याने आधी पाहावं, कारण यादी देशागणिक बदलते.

हिशेब करताना माझी एक चूक झाली होती, ती तुम्ही करू नका. वाचलेली सगळी पुस्तकं मोजू नका. एरवी पैसे देऊन आणली असती तेवढीच मोजा. फुकट आहे म्हणून चाळलेलं पुस्तक ही बचत नव्हे. अशी महिन्याला एक-दोन पुस्तकं होत असतील तर १४९ रुपये काहीच नाहीत. होत नसतील तर वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका. एक महिना घ्या, तोही मे महिन्याच्या सुट्टीतला नको, नेहमीच्या धबडग्यातला घ्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोश तर पूर्ण खुला आहे. आधी ते पाहा.

बंद करणं मला अर्ध्या तासाचं काम पडलं. 'रद्द करा' हे बटण चौथ्या पडद्यावर होतं. त्याआधी तीन वेळा विचारलं, नक्की का? तुमची १४३ पुस्तकं जातील. अर्ध्या किमतीत तीन महिने घ्याल का? यादीवरचा तो १४३ आकडा पाहून क्षणभर हात थांबलाच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन भुलवण्याच्या तेरा प्रकारांवर मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं हा त्यातलाच एक प्रकार आहे. फारच अडवलं तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. मला तिथवर जावं लागलं नाही. कंपनीकडे रद्द झाल्यावर मी यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेची परवानगीही काढून टाकली. दोन्हीकडे बंद केल्याशिवाय निर्धास्त होऊ नका.

लायब्ररीत पुन्हा नाव घातलंय. आता ती शनिवारी रात्री साडेनऊपर्यंत उघडी असते. काउंटरवरच्या काकांनी जुनं कार्ड शोधून काढलं, त्यावरची शेवटची तारीख वाचली आणि म्हणाले, "ताई, दोन वर्षं होतात कुठे?" मी म्हटलं, रतीब लावला होता.

तुमचा असा एखादा रतीब चालू आहे का, हे तुम्हालाही बहुधा आठवत नसेल. यूपीआय अ‍ॅप उघडा, ऑटोपेच्या यादीत जा आणि तिथे किती नावं आहेत ती आजच मोजा.