"फक्त आम्हालाच द्या!" : एका कराराचा अभ्यास

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. विषय मात्र नीट वाचा, कारण आपल्यापैकी बरेच जण पुढे स्वतःचं वर्कशॉप काढायच्या गप्पा मारतात.

माझ्या काकांचं भोसरी एमआयडीसीत प्लॅस्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. दोन मशीन, सहा माणसं. मी अकरावीत असताना एका मोठ्या दुकान-साखळीच्या खरेदी अधिकाऱ्याला काकांचा मसाल्याचा डबा आवडला. तो म्हणाला, "याच्यापेक्षा मोठा डबा करा आणि दोन वर्षं फक्त आम्हालाच द्या." म्हणजे एक्सक्लुझिव्ह! काकूंनी पेढे वाटले. करार इंग्रजीत होता. काका म्हणाले, "बाळा, तुझं इंग्लिश चांगलं, वाचून सांग." मी ऐटीत सांगितलं, "काका, ते 40,000 डबे घेणार आहेत."

कागदावर होतं 'एस्टिमेटेड क्वांटिटी 40,000'. एस्टिमेटेड म्हणजे अंदाजे, हे मला माहीत होतं. त्या शब्दाची किंमत माहीत नव्हती.

आता गणित बघा. नवीन साचा 8 लाखांचा, बँकेचं कर्ज काढून. एका डब्याला माल, वीज, मजुरी, पॅकिंग, वाहतूक मिळून खर्च 73 रुपये. भाव ठरला 95. म्हणजे डब्यामागे 22 रुपये सुटणार. 8 लाखांना 22 ने भागलं की 36,364 येतात. तेवढे डबे विकल्याशिवाय साचासुद्धा फिटत नाही. यालाच आपण ब्रेक-इव्हन म्हणतो आणि पेपरात पाच मार्कांना लिहितो.

त्यांनी 11,000 डबे घेतले आणि ऑर्डर थांबली. 2 लाख 42 हजार सुटले, 5 लाख 58 हजार अंगावर राहिले. तुळशीबागेतले दुकानदार तोच डबा मागत होते, पण करारामुळे देता येईना. साचा रॅकवर, हप्ता दर महिन्याला. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. माझी अ‍ॅडमिशनची फी भरली तीही त्यांनीच. म्हणून हा अभ्यास.

मला कळलेले मुद्दे असे :

1) "फक्त तुम्हालाच" हे फुकट द्यायचं नसतं. इतर गिऱ्हाइकं सोडण्याची ती किंमत आहे. बदल्यात किमान खरेदीचा आकडा लेखी घ्या. तो पूर्ण झाला नाही तर एक्सक्लुझिव्ह आपोआप रद्द, हेही लिहून घ्या.

2) हक्क जेवढा लहान देता येईल तेवढा द्या. कुठला माल, कुठला भाग, किती महिने? 2014 मध्ये मोटो जी फोन भारतात आला तेव्हा तो फक्त फ्लिपकार्टवर मिळायचा, पण म्हणून मोटोरोलाने जगातली बाकी दुकानं सोडली नव्हती.

3) साच्याचे पैसे कोण देणार आणि साचा कोणाचा, हे आधी ठरवा.

4) एकाच गिऱ्हाइकावर जगू नका. अमेरिकेत व्लासिक ही लोणच्याची नावाजलेली कंपनी. 1990 च्या दशकाच्या शेवटी वॉलमार्टने तिची एक गॅलनची, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटरची बरणी 2.97 डॉलरला विकली. खप प्रचंड, पण नफा नावापुरता. भाव वाढवायचा तर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दुखावणार! जानेवारी 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. डोक्यावरचं कर्ज वगैरे इतर कारणंही होती, पण अडचणीच्या वेळी नफा हाताशी नव्हता. उलट स्नॅपर या गवत कापायची मशीन बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख जिम वीअर यांनी 2002 मध्ये वॉलमार्टला सरळ नाही म्हटलं.

5) नाही म्हणायचा आकडा घरून ठरवून जा. त्यासाठी आधी आपला 'बॅटना' ओळखा; हा शब्द फिशर आणि युरी यांच्या 1981 च्या पुस्तकातला. म्हणजे सौदा फिसकटला तर आपल्या हातात काय उरतं, ते.

6) पैशाची मुदत. एमएसएमईडी कायदा, 2006 नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण आधी उद्यम नोंदणी करून ठेवा.

मागच्या दिवाळीनंतर दुसऱ्या एका साखळीचं बोलावणं आलं. जुन्या कराराची मुदत केव्हाच संपली होती. या वेळी काकांबरोबर मीही गेले, वहीत सहा मुद्दे लिहून. त्यांनाही वेगळा डबा हवा होता. काका शांतपणे म्हणाले, "साचा तोच राहील. झाकणाचा रंग फक्त तुमचा." रंग बदलायला नुसता मास्टरबॅच बदलावा लागतो, 8 लाखांचा साचा लागत नाही. एक वर्ष, तिमाहीला किमान 5,000 डबे, कमी घेतले तर रंग मोकळा. साहेबांनी भाव 88 वर आणायला बघितला. काका उठून उभे राहिले. 94 वर ठरलं.

तुळशीबागेत आता तोच डबा निळ्या झाकणात मिळतो.

सही करायच्या आधी काकांनी कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला. या वेळी मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली आणि मराठीत लिहून दिली. तुमच्याही घरी असा कागद आला आणि "तुझं इंग्लिश चांगलं" असं कोणी म्हणालं, तर ऐटीत वाचू नका, सावकाश वाचा.